चार आण्यांचे मांजर, बारा आण्यांचे सॉफ्टवेअर

सन २००० च्या उत्तरार्धात अमेरिकेतील लक्षावधी घरांमध्ये प्लास्टिकचे एक मांजर येऊन पोचले. काहींना ते टपालाने आले, काहींनी ते ‘रेडिओशॅक’ या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानातून घरी आणले. त्यासाठी कोणालाही एक पैसा मोजावा लागला नव्हता. ‘वायर्ड’ आणि ‘फोर्ब्स’ या नियतकालिकांच्या वर्गणीदारांना तर ते न मागताच मिळाले. मुठीत मावेल एवढे, दबा धरून बसलेल्या मांजराच्या आकाराचे, तोंडातून तांबडा प्रकाश सोडणारे आणि शेपटीच्या जागी संगणकाला जोडायची तार असलेले हे उपकरण म्हणजे ‘क्यूकॅट’. संगणकाशेजारी माउस, म्हणजे उंदीर, होताच. त्याच्या सोबतीला मांजर आले.

त्याचे काम एका वाक्यात सांगता येण्याजोगे होते. वृत्तपत्रातील मजकुराशेजारी, मासिकातील जाहिरातीच्या कोपऱ्यात किंवा दुकानाच्या सूचिपत्रात तिरक्या रेघांचा एक बारकोड छापलेला असे. त्यावरून मांजराचे तोंड फिरवले की संगणकाच्या पडद्यावर त्या मजकुराशी संबंधित संकेतस्थळाचे पान उघडावे, अशी योजना होती. किराणा मालाच्या वेष्टनांवरील आणि पुस्तकांच्या मलपृष्ठावरील नेहमीचे बारकोडही ते वाचू शके. असे यंत्र विकत घ्यायचे तर दुकानदारांना त्या काळी बरीच रक्कम मोजावी लागे. क्यूकॅट तयार करण्याचा खर्च मात्र नगाला सुमारे साडेसहा डॉलर होता. इतक्या स्वस्तात इतके कामाचे यंत्र सामान्य माणसाच्या टेबलावर क्वचितच आले असेल. तरीही वर्षभरात त्याची रवानगी अडगळीत झाली आणि ‘टाइम’ साप्ताहिकाने २०१० मध्ये पन्नास सर्वांत वाईट शोधांची यादी केली, तेव्हा तिच्यात क्यूकॅटला मानाचे पान मिळाले.

यंत्र बिघडत होते म्हणून हे घडले नाही. ते आपले काम चोख करत होते. दोष होता तो त्याच्यासोबत सक्तीने बसवाव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आणि त्याहूनही अधिक, ती सक्ती कोणाच्या सोयीसाठी होती याचा. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. येथे कोंबडी फुकटच होती. पण ठरावीक दुकानाचा मसाला घेतल्यावाचून ती शिजवायची मुभा नव्हती.

हे मांजर पाळणारी कंपनी होती टेक्सास राज्यातील डॅलस शहरातली ‘डिजिटल कन्व्हर्जन्स’. तिच्यात गुंतवणूक करणाऱ्यांची नावे पाहिली, तर हा कोणा हौशी पोरांचा खेळ नव्हता हे ध्यानात येते. ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’ या दैनिकाची आणि अनेक दूरचित्रवाणी केंद्रांची मालक असलेल्या ‘बेलो’ कंपनीने ३ कोटी ७५ लाख डॉलर घातले होते. रेडिओशॅकचे ३ कोटी, ‘यंग अँड रुबिकॅम’ या जाहिरात संस्थेचे २ कोटी ८० लाख आणि कोका-कोलाचे १ कोटी डॉलर होते. एकूण गुंतवणूक साडेअठरा कोटी डॉलरच्या घरात गेली. वृत्तपत्र, दुकान, जाहिरात संस्था आणि शीतपेयांची कंपनी एकाच मांजरावर पैसे लावतात, याचा अर्थ त्यांना एकच गोष्ट हवी होती: छापील पान वाचणारा माणूस नेमके काय वाचतो आणि त्यातून इंटरनेटवर कुठे जातो, याचा माग. इंटरनेटच्या भीतीने मुद्रित माध्यमांना त्या वर्षांत ग्रासले होते. वाचक संगणकाकडे जाणारच असेल, तर त्याने आपल्या पानावरून, आपण बांधलेल्या पुलावरूनच जावे, हा त्यामागचा विचार होता. तो सर्वस्वी मूर्खपणाचा होता असे म्हणता येणार नाही. पुलावर जकातनाका बसवला, तेथे मात्र सारे बिनसले.

क्यूकॅट हातात पडल्यावर वापरणाऱ्याला काय काय करावे लागे, ते पाहण्यासारखे आहे. प्रथम संगणक बंद करून मागील बाजूची कीबोर्डची तार काढायची, तिच्या जागी मांजराची शेपटी जोडायची आणि कीबोर्ड त्या शेपटीला लावायचा. कारण यंत्र कीबोर्ड आणि संगणक यांच्या मध्ये बसत असे. मग सोबतच्या सीडीवरील सॉफ्टवेअर बसवायचे. त्यानंतर नोंदणी: नाव, ई-मेलचा पत्ता, वयोगट, स्त्री की पुरुष, राहत्या भागाचा टपाल क्रमांक. एवढे झाले की टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडायचे (त्या काळी घरोघरी मोडेमची किरकिर ऐकल्याखेरीज इंटरनेट लागत नसे) आणि मासिक घेऊन संगणकासमोर येऊन बसायचे. आरामखुर्चीत, आगगाडीत किंवा न्याहारीच्या टेबलावर वाचायची वस्तू संगणकापाशी आणून वाचायची, ही कल्पनाच अस्वाभाविक असल्याचे समीक्षकांनी पहिल्याच महिन्यांत नोंदवले. इतक्या सव्यापसव्यानंतर उघडे काय, तर बहुधा त्या जाहिरातदाराचे संकेतस्थळ. त्याचा पत्ता हाताने टंकायला दहा सेकंद लागले असते.

एवढ्यावरही कंपनीचे समाधान नव्हते. दूरचित्रवाणी संच आणि संगणक यांना जोडणारी आणखी एक तार होती. कार्यक्रमात किंवा जाहिरातीत विशिष्ट ध्वनिसंकेत आला की संगणकावर आपोआप पान उघडावे, अशी ती सोय. दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणीपासून अभ्यासिकेतल्या संगणकापर्यंत तार ओढायला किती गृहिणी राजी होतील, हा प्रश्न साडेअठरा कोटी डॉलरच्या बैठकांमध्ये कोणी विचारला नसावा.

या सॉफ्टवेअरची मुळात गरज काय होती, हे समजून घेण्यासाठी बारकोड म्हणजे काय ते पाहावे लागेल. ओहायो राज्यातील ट्रॉय येथील एका बाजारात २६ जून १९७४ रोजी च्युइंगमचे पाकीट बारकोड वाचून विकले गेले, तेव्हापासून हे तंत्र दुकानांत रुळले आहे. रेघांच्या जाडी-बारकीतून एक क्रमांक साकारतो, त्यापलीकडे बारकोडमध्ये काही नसते. किंमत नाही, नाव नाही, संकेतस्थळाचा पत्ताही नाही. त्या क्रमांकाचा अर्थ दुकानाच्या संगणकातील यादीत असतो. क्यूकॅटची यादी डिजिटल कन्व्हर्जन्सच्या संगणकावर होती. म्हणजे घरातल्या मांजराने वाचलेला क्रमांक प्रथम कंपनीकडे जाई, तेथे त्याच्याशी जुळणारा पत्ता शोधला जाई आणि मग वापरणाऱ्याला तिकडे धाडले जाई.

इथवर ठीक होते. पण यंत्र कीबोर्डच्या जागी जोडलेले असल्यामुळे, त्याने वाचलेला क्रमांक कोणी कीबोर्डवर बोटे चालवून टंकला आहे, असेच संगणकाला वाटे. तो क्रमांक साधा, सरळ आला असता, तर कोणत्याही सॉफ्टवेअरवाचून तो हव्या त्या ठिकाणी उमटवता आला असता: पत्रात, हिशेबाच्या तक्त्यात, घरच्या पुस्तकांच्या यादीत. नेमके हेच होऊ नये म्हणून कंपनीने क्रमांकाची अक्षरे उलटसुलट करून पाठवण्याची व्यवस्था यंत्रातच करून ठेवली. तो गुंता फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरला सोडवता यावा, अशी अपेक्षा होती. शिवाय प्रत्येक मांजराला स्वतंत्र अनुक्रमांक होता आणि वाचलेल्या प्रत्येक बारकोडासोबत तोही पाठवला जाई. नोंदणीच्या वेळी दिलेली माहिती आणि हा अनुक्रमांक यांची सांगड घातली, की कोणत्या टपाल विभागातील, कोणत्या वयाच्या, कोणत्या नावाच्या व्यक्तीने कोणती जाहिरात किंवा कोणता डबा मांजराला दाखवला, ते कळण्याजोगे होते. आपण व्यक्तिगत माग काढत नाही, असे कंपनी सांगत राहिली. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची आठवण लोकांना झाली, तर त्यात त्यांचा दोष नव्हता.

सप्टेंबर २००० मध्येच या दुधाची वाटी सांडली. नोंदणी केलेल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची नावे, ई-मेलचे पत्ते, वयोगट आणि टपाल क्रमांक असलेली एक फाइल कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडता येईल अशा जागी पडून असल्याचे उघडकीस आले. कुलूप फोडून कोणी चोरी केली नव्हती. अहवालासाठी काढलेली यादी कोणीतरी उंबऱ्यातच ठेवून दिली होती. कंपनीने संकेतस्थळाचा तो भाग बंद केला आणि संबंधितांना रेडिओशॅकमध्ये चालणारे दहा डॉलरचे भेटपत्र देऊ केले. फुकट यंत्रासाठी दिलेल्या माहितीची किंमत किती, हे अशा रीतीने कंपनीनेच आकड्यात सांगून टाकले.

दरम्यान दुसरीकडे वेगळेच नाट्य रंगले होते. लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांसाठी कंपनीने सॉफ्टवेअर काढलेच नव्हते. हातात चांगले यंत्र आहे आणि ते चालवायची सोय नाही, हे पाहून काही प्रोग्रामरांनी मांजराच्या भाषेचा अभ्यास केला. अक्षरांचा तो गुंता इतका किरकोळ निघाला, की अल्पावधीत तो सोडवणारी छोटी छोटी सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट उपलब्ध झाली. काहींनी त्यापुढे जाऊन यंत्र उघडले आणि आतील एक जोडणी तोडून अनुक्रमांकच गप्प केला. आता क्यूकॅट कंपनीशी बोलल्याशिवाय बारकोड वाचू लागले, म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला जे येत होते, ते करू लागले.

कंपनीने यावर वकिलांकरवी नोटिसा धाडल्या. पुढे करारनाम्याची भाषाही कडक करण्यात आली. हे यंत्र ग्राहकाच्या मालकीचे नसून केवळ वापरण्यासाठी दिलेले आहे, असा दावा तीत होता. तो टिकणे अवघड होते. न मागवता टपालाने आलेली वस्तू भेट समजावी, असे अमेरिकेचा कायदाच सांगतो. दारात आणून टाकलेल्या मांजरावर मालकी सांगायला मागाहून येणाऱ्या माणसाची जी अवस्था होते, तीच कंपनीची झाली. प्रोग्रामर तसेही तिचे ग्राहक नव्हते. पण सामान्य ग्राहकाच्या मनात या भांडणातून एक शंका रुजली: टेबलावरची वस्तू जर माझी नाही, तर ती माझ्या टेबलावर कोणासाठी काम करते आहे?

पुढचा भाग थोडक्यात आटोपतो. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटत होताच. २००१ मध्ये डिजिटल कन्व्हर्जन्सने बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवले, बेलोने आपली गुंतवणूक बुडीत खाती टाकली आणि पानांवरचे तिरके बारकोड नाहीसे झाले.

क्यूकॅटची कहाणी वेडगळपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. पण त्यामागचे गणित आजही जिवंत आहे. स्वस्त उपकरणाच्या विक्रीत नफा तुटपुंजा असतो आणि तो एकदाच मिळतो. सॉफ्टवेअर मात्र वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. फोन बदलतात, त्यांच्या प्रणाली बदलतात, त्याप्रमाणे ते दुरुस्त करावे लागते. दीडशे-दोनशे रुपये सुटणाऱ्या वस्तूसाठी हा खर्च कोण करणार? म्हणून अनेक उत्पादक कोणीतरी तयार केलेले एकच अ‍ॅप वेगवेगळी नावे देऊन वापरतात. ते नीट चालले नाही, तरी वस्तू विकली गेलेली असते. मोबाइलवरून रंग बदलणारा दिवा लावताना होणारी कटकट अनेक घरांच्या परिचयाची आहे. बहुतेक स्वस्त दिव्यांतील चिपला वाय-फायची फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ ही लहरपट्टी कळते; घरातला फोन मात्र राउटरच्या ५ गिगाहर्ट्‌झ पट्टीवर असतो. त्यामुळे दिवा फोनला सापडत नाही, आणि अ‍ॅप हे कारण सांगण्याऐवजी ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच सांगते. ज्या वस्तूला शंभर वर्षे एक बटण पुरत होते, तिला आता खाते आणि पासवर्ड लागतो.

अर्थात सारेच मागणे लबाडीचे असते असेही नाही. वजनकाट्याचे अ‍ॅप माणसाचे ठिकाण का विचारते, याचा अनेकांना संशय येतो. अँड्रॉइड प्रणालीत २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून ब्लूटूथची जवळपासची उपकरणे शोधण्यासाठी ठिकाणाची परवानगी घेणे भाग होते. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत ती अट वेगळी करण्यात आली. म्हणजे काट्याला खरोखरच तेवढ्यासाठी परवानगी हवी असे. पण ती एकदा मिळाल्यावर तिचा उपयोग आणखी कशासाठी होतो, हे वापरणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. जन्मतारीख आणि ई-मेल यांच्याशिवाय काटा वजनाची नोंदच ठेवत नसेल, तर तेथे मांजराचीच पावले दिसतात.

मधला माणूस निघून गेला की काय होते, याचे ताजे उदाहरण ‘स्पॉटिफाय’ या संगीत कंपनीच्या ‘कार थिंग’चे आहे. मोटारीत बसवायचा हा लहान पडदा आणि गोल खटका २०२२ च्या आरंभी अमेरिकेत ९० डॉलरला सर्वांसाठी विक्रीस आला. त्यात गाणी साठत नव्हती, आवाजही निघत नव्हता. तो फोनवरील अ‍ॅपला हुकूम देई, एवढेच. त्याच वर्षी जुलैमध्ये उत्पादन थांबले आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी विकलेली सारी यंत्रे कंपनीने कायमची बंद केली. ग्राहकांच्या संतापानंतर खरेदीचा पुरावा देणाऱ्यांना पैसे परत देण्याची तयारी तिने दाखवली. पडदा शाबूत, खटका शाबूत, आणि वस्तू निकामी. येथेही हौशी प्रोग्रामर पुढे सरसावले आणि त्यांनी काही यंत्रांत आपले सॉफ्टवेअर घालून ती पुन्हा चालती केली.

छापील पानावरून इंटरनेटकडे जाण्याची क्यूकॅटची कल्पना मात्र मेली नाही. मराठी दैनिकांच्या पानांवरही आज जे चौकोनी क्यूआर कोड दिसतात, ते तीच कामगिरी बजावतात. हा कोड जपानच्या ‘डेन्सो वेव्ह’ कंपनीत १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला, म्हणजे क्यूकॅटच्या सहा वर्षे आधी. त्यात आणि रेघांच्या बारकोडात मूलभूत फरक आहे. क्यूआरमध्ये चार हजारांहून अधिक अक्षरे मावतात, त्यामुळे संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता त्या चौकोनातच लिहिता येतो. अर्थ विचारायला कोणाच्या यादीकडे जावेच लागते असे नाही. शिवाय डेन्सो वेव्हने पेटंट घेतले, पण ठरलेल्या नियमांनी कोड वापरणाऱ्यांविरुद्ध ते उगारायचे नाही असे जाहीर केले. तरीही फोनवर वेगळे अ‍ॅप उतरवून घ्यावे लागत होते तोवर क्यूआर कोडचीही चेष्टाच होत होती. २०१७ मध्ये आयफोनचा साधा कॅमेराच तो वाचू लागला, इतर फोनही त्याच वाटेने गेले आणि मधले सॉफ्टवेअर दिसेनासे झाले, तेव्हा कोडला दिवस चांगले आले.

भारतात हाच धडा दुकानांच्या काउंटरवर गिरवला गेला. एके काळी भाजीवाल्याच्या गाडीवर तीन-चार कंपन्यांचे कोड चिकटवलेले असत. एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपने वाचता येईलच याची खात्री नसे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये नवे खासगी कोड काढण्यास मनाई केली आणि जुन्यांनी ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना चालणाऱ्या कोडकडे वळावे, असा आदेश दिला. आता कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे देताना गाडीवर कोणाचा कोड आहे आणि खिशातल्या फोनवर कोणाचे अ‍ॅप आहे, याची पंचाईत पडत नाही. जे क्यूकॅटच्या मालकांना धोक्याचे वाटले होते, तेच येथे नियम म्हणून लिहिले गेले.

राहिली ती मांजरे. जून २००५ मध्ये निकाली माल विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने वीस लाख कोरे क्यूकॅट नगाला तीस सेंट दराने विक्रीस काढले. अट एवढीच, की एका वेळी किमान पाच लाख घ्यायचे. त्याच वर्षी ‘लायब्ररीथिंग’ हे संकेतस्थळ सुरू झाले. घरातील पुस्तकांची यादी करणाऱ्यांसाठी ते आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील बारकोड म्हणजे त्याचा आयएसबीएन क्रमांक, आणि तो वाचायला क्यूकॅटइतके स्वस्त यंत्र दुसरे नव्हते. संकेतस्थळाने ही मांजरे मिळवून आपल्या सदस्यांना विकायला सुरुवात केली आणि मांजराची ती गुंतागुंतीची भाषाही सोडवून घेण्याची सोय आपल्या बाजूला केली. सीडी नाही, मांजरासाठी वेगळी नोंदणी नाही; यादीच्या चौकटीत माउसने टिचकी मारायची, पुस्तक उलटे करायचे आणि मांजराचे तोंड रेघांवरून फिरवायचे. पुस्तकाचे नाव, लेखक आणि प्रकाशनवर्ष यादीत येऊन बसते.